मुंग्यांची रांग

दोन्या प्रिस्का, म्हणजे प्रिस्काबाई, बाजारात कोंबडी घ्यायची ती आधी कानाशी धरून, हलवून. वजन वाढावं म्हणून विकणाऱ्याने कोंबडीला पाणी तर पाजलं नाही ना, हे तिला ऐकायचं असे. चर्चमध्ये मेणबत्ती लावली की ती वितळून संपेपर्यंत प्रिस्का बाकावरून उठत नसे. उरलेलं थोटूक कुणी घरी नेलं तर? गावात म्हणत, स्वर्गाचं दार उघडलं तरी ही बाई आधी बिजागऱ्या तपासेल. हे तिच्या कानावर आलं होतं. कोण म्हणालं, तेही तिने शोधून काढलं होतं.

तिची सून यादिरा बाळंत झाली. मुलगी झाली, काळ्याभोर जावळाची. मुलगा डोंगरापलीकडे रस्त्याच्या कामावर होता, त्यामुळे घरात दोघीच. यादिराला पहिलं दूध आलं ते पिवळसर, चिकट, थेंब थेंब. प्रिस्काने ते पिळून अंगणातल्या निवडुंगाच्या मुळाशी टाकायला लावलं.

"इतके महिने छातीत साठून शिळं झालंय ते. पांढरं येऊ दे, मग पाज."

"दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, हेच पाजायचं."

"तिला मुलं किती?"

"एकही नाही."

"मग झालं."

तरी यादिरा मुलीला छातीशी धरायचीच. मुलगी ओठ लावायची, दोनदा चोखायची आणि डोळे मिटायची. तिसरा दिवस उलटला तरी पांढऱ्या दुधाचा पत्ता नव्हता. प्रिस्काच्या मनात पाल चुकचुकली.

बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी शेजारची चोना आली होती. तिचं स्वतःचं पोर अजून अंगावर पीत होतं. यादिराच्या ताटात अर्धी तोर्तिया, मक्याची भाकरी, उरली होती. बोलता बोलता चोनाने ती उचलली, मीठ लावलं आणि खाल्ली. बाळंतिणीचं उष्टं दुसऱ्या लेकुरवाळीने खाल्लं की दूध तिच्या मागोमाग जातं, आणि तिने आपल्या ताटातलं भरवलं तरच परत येतं, हे प्रिस्काच्या आईने तिला सांगितलं होतं, आईला तिच्या आईने. प्रिस्काने ते भोगलंही होतं. तिची पहिली मुलगी अशीच झोपून झोपून वाळत गेली होती. तेव्हा तिच्या ताटातलं उष्टं नणंदेने खाल्लं होतं. नणंद मरेपर्यंत प्रिस्का तिच्या दारात गेली नाही.

ही नात तशी जाऊ द्यायची नव्हती. यादिरा वाफेच्या खोलीत अंग शेकायला गेली की प्रिस्का भिंतीतल्या कोनाड्यातल्या संताच्या तसबिरीमागून एक बुडकुलं काढायची. त्यात बडीशेपेचा चहा असायचा, साखर घालून दाट केलेला. फडक्याची वात त्यात बुडवून ती नातीच्या ओठांना लावायची. मुलगी चुटुचुटु चोखायची. पांढरं दूध येईपर्यंत जीव तगायला नको? यादिराला सांगायचं कारण नव्हतं. आजकालच्या मुली नर्सचं ऐकतात.

चौथ्या दिवशी सकाळी झोळीतल्या पांघरुणावर मुंग्या दिसल्या.

"आई, हिच्या गळ्याला चिकट काय लागलंय?" यादिराने विचारलं. तिची नजर सासूवरून हलली नाही.

"घाम असेल." प्रिस्का मुंग्यांकडे बघत होती. झोळीची दोरी चढून, तुळईवरून त्या चोनाच्या घराकडच्या भिंतीला जात होत्या. आता तिला पुरावाच मिळाला. कोंबडी तपासणारी बाई जिवंत सापडलेला पुरावा कसा सोडेल?

ती तडक चोनाच्या दारात गेली. "तुझ्या ताटातली पेज घेऊन ये. स्वतःच्या हाताने माझ्या सुनेला भरव."

चोना तवा पुसत होती. तिला क्षणात कळलं. "म्हणजे दूध मी नेलं तर."

"मी तसं म्हटलं नाही."

"तोंडाने नाही म्हटलंत, दोन्या प्रिस्का. भुवयांनी म्हटलंत." पण तिने वाटीत मक्याची पेज ओतली आणि पदराखाली झाकून निघाली. "माझ्या दुधाचं मी काय करू सांगा, माझ्याच पोराला पुरून उरतंय. चोरी करायला आधी घरात टंचाई लागते."

यादिराने दोन घोट घेतले. मग चोनाने मुलीला उचललं, नाक तिच्या गालाशी नेलं आणि थांबली.

"हिच्या तोंडाला बडीशेपेचा वास येतोय."

प्रिस्का भरभर बोलली. "वासाचं सोड. हे बघ, मुंग्या कुठून येतात ते." तिने बोट उंचावलं. दोरीवरून, तुळईवरून, भिंतीवरून बोट रांगेबरोबर खाली उतरत गेलं. चोनाच्या घराकडे भिंतीत भोक असणार, अशी तिची खात्री होती. बोट तसबिरीशी आलं. रांग तसबिरीमागे गेली. बोट तिथेच राहिलं.

यादिरा उठली, पोटाशी हात धरून. तिने तसबीर बाजूला केली. बुडकुल्याच्या काठावर मुंग्यांची काळी झालर होती.

"पोट गोड पाण्याने भरलेलं पोर," चोना हळू म्हणाली, "छाती चोखायचे कष्ट कशाला करील? आणि चोखल्याशिवाय दूध येतं का?"

प्रिस्का बाजेच्या कडेवर बसली. तिची पहिली मुलगीही साखरेचं पाणी प्यायची, चुटुचुटु, फडक्याने. ते कुणी पाजलं होतं, हे तिला आठवायचं नव्हतं. आठवलं.

"नणंद तोर्तिया खाऊन गेली होती," ती म्हणाली.

यादिराने बुडकुलं निवडुंगापाशी रिकामं केलं. मुलीने दुपारी आकांत मांडला. प्रिस्काचा हात दोनदा तसबिरीकडे गेला आणि दोन्ही वेळा तिने तो मांडीखाली दाबून ठेवला. मुलगी छातीला लागे, सोडे, रडे, पुन्हा लागे. यादिराचे डोळे भरून येत होते, पण ती बाजू बदलत राहिली. पिवळे थेंब आता कुणी पिळून टाकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी चोखत होती ती डोळे उघडे ठेवून.

"नुसतं ओठ हलवतेय," प्रिस्का दारातून म्हणाली. "गिळते कशावरून?"

"या, ऐका."

ती आली. कोंबडीसारखं हलवून बघता येण्याजोगं हे नव्हतं. तिने गुडघे टेकले आणि कान नातीच्या गळ्याशी नेला. बराच वेळ ती तशीच होती. मग मुलीच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक पांढरा ओघळ आला. प्रिस्काने तो बोटाने टिपला आणि चाखला.

"गोड आहे," ती म्हणाली, आणि यादिराकडे रोखून बघत राहिली. "तू काही घातलं नाहीस ना?"

यादिराला हसू आलं, दुखऱ्या पोटासकट. "तसबिरीमागे बघा."

प्रिस्का खरंच उठली आणि बघून आली. मग चुलीकडे जाऊन तिने एक तोर्तिया भाजली, अर्धी मोडून यादिराच्या ताटात ठेवली आणि उरलेली अर्धी, जरासं घुटमळून, हातात घेऊन चोनाच्या दाराकडे निघाली.