कपाटाची किल्ली साहेबांकडे

मंडळी, आज सकाळी आईला आमच्या भाईंदरच्या नवीन वाचनालयात घेऊन गेले. गिरगाव सोडल्यापासून ती मागे लागली होती, "इथे जवळपास लायब्ररी बघ ना गं."

एसी, पांढरंशुभ्र फर्निचर, दारात सेल्फी पॉइंट. आत सगळ्या खुर्च्यांवर मुलंमुली परीक्षेचा अभ्यास करतायत. भिंतीला लागून पुस्तकांची काचेची कपाटं. सगळी कुलूपबंद.

आईने एका कादंबरीकडे बोट दाखवलं. टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "आजी, किल्ली साहेबांकडे असते. पुस्तक हरवलं तर आम्हाला जबाबदार धरतात."

"मग वाचायचं कसं?"

"इथे सगळे आपापली पुस्तकं घेऊन येतात."

राग मॅडमचा नाही आला. त्या मुलांचा तर नाहीच, घरी एका खोलीत अभ्यास कुठे करणार ती? राग आला हे बांधणाऱ्यांचा. सेल्फीला जागा सापडली यांना, म्हाताऱ्या माणसाला पुस्तक घेऊन बसायला एक खुर्ची नाही सापडली!

तुमच्याकडे पुस्तकाला हात लावू देतात का? खरंच सांगा.

आई बराच वेळ काचेतून एकेका पुस्तकाचं नाव वाचत उभी होती. येताना रिक्षात म्हणाली, "उद्या परत येऊया. खालचा कप्पा राहिलाय."