धर्माच्या दुकानातली चोळी

आधीच सांगते — भूतखेत, करणी, उतारा यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या मराठवाड्यात भानामतीच्या गोष्टींना काय तोटा होता? कुणाची लुगडी आपोआप पेटायची, कुणाच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठायच्या. मी अशा बायांना तोंडावर विचारायची, "तुमची ही भानामती सावकाराच्या घरी का जात नाही गं? गरिबाचीच लुगडी बरी सापडतात तिला!" पुढं जन्मभर शाळेत पोरींना शिवण शिकवलं. टाका दिसतो तेवढाच खरा, हा माझा हिशेब. तरीही ही एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली, बोटांनी चाचपली. पटली नाही तर सोडून द्या. आणि यात दयामाया शोधत असाल तर सरळ पान उलटा... ती इथं नाही.

भूमची गोष्ट. निजामाचं राज्य, वर दुसऱ्या लढाईचे दिवस. आमचे दादा — म्हणजे वडील — बाजारतळाच्या कडेला ओसरीवर मशीन टाकून शिवायचे. पण शिवणार काय? कापडाला कंट्रोल लागलेला. रीळ मिळेना, सुई मिळेना, साधी बटणं मिळेनात. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घरात हातशिलाई करणारी मी एकटीच उरले होते, कारण माझी थोरली बहीण, इंदूअक्का, त्याच श्रावणात सासरी आडात पडून मेली होती.

"पडून" हा त्यांचा शब्द. परांड्याच्या वाटेवर तिचं सासर. रान बऱ्यापैकी, घर भरलेलं, गावात वजन. निरोप आला तेव्हा आम्ही मिळेल त्या गाडीनं निघालो, पण पोचायच्या आत त्यांनी सगळं उरकलं होतं. माहेरचं माणूस यायची वाट न बघता लेकीला आग देतात होय? अक्काची सासू भागीरथीबाई डोळ्याला पदर लावून एवढंच म्हणत होती, "पाय घसरला वो... शेवाळ लई." मी आडाच्या काठावर जाऊन पाहिलं. दगड खडखडीत कोरडे होते. त्यावर्षी पाऊस होताच कुठं? पण पोलिसांचे अमीनसाहेब येऊन गेले होते, चहा झाला होता, मिटलं होतं.

माझा जीव अडकला तो अक्काच्या छबीत. चार वर्षांची पोर. ती गोठ्याच्या दाराशी एकटी बसली होती, कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. मी उचलून घेतली तर भागीरथीबाईनं माझ्या हातातून काढून घेतली. "आमच्या घरची हाय ती." घरी येताना गाडीत मी मनाशी म्हटलं, हिला इथं ठेवणार नाही. आणि या बाईला सुखानं मरू देणार नाही. सोळा-सतराची पोर मी, करणार काय होते? पण म्हटलं खरं.

भूमला तेव्हा एका लिंगायत शेटजींच्या शेटाणीबाई, नीलम्मा, बाजाराच्या दिवशी आपल्या ओसरीवर धर्माचं दुकान मांडायच्या. कुणाच्या घरी माणूस गेलं की त्याचे कपडेलत्ते, भांडीकुंडी लोक दान म्हणून आणून टाकत. नीलम्मा ते गोरगरिबांना मातीमोलानं विकत आणि येईल त्यातून पाणपोई चालवत. फुकट का देत नाहीत विचारलं तर मला कानडीत 'तंगी', म्हणजे धाकटी बहीण, करून म्हणायच्या, "फुकट घेतलं की माणूस खाली बघतंय गं तंगी. विकत घेतलं की घासाघीस करतंय."

त्या दिवशी मी सहज डोकावले, तर टोपल्यात एक टिनाचा डबा. झाकण उघडलं आणि हरखूनच गेले! काळ्या-पांढऱ्या दोऱ्याची भरलेली रिळं, फडक्यात ओळीनं खोचलेल्या सुया, बोटात घालायचं अंगुस्तान, हाडाची बटणं, छोटी कात्री... कंट्रोलच्या दिवसांत हे म्हणजे घबाड. आणि तळाला हिरव्या खणाची अर्धवट चोळी — गाठीची, पुढं पोटाशी गाठ मारतात ना, तशी. एक बाही जोडलेली, दुसरी नुसती कातरलेली.

जोडलेल्या बाहीवरून बोट फिरवलं आणि चोळी उजेडाला धरली. टाके उलट्या अंगाला कललेले. अक्का डावखुरी होती. दादांनी तिला त्यापायी किती बोल लावले असतील, पण हात बदलला नाही. असा टाका अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"नीलम्मा, हे कुणी दिलं?"

"गाडीवाला टाकून गेला. दान देणाऱ्याचं नाव आमी इचारत न्हाय."

विचारायची गरजही नव्हती. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. सवाष्ण बाई गेली तर हिरवी चोळी घालून, ओटी भरून पाठवायची — आणि यांनी तिची हौसेची चोळीसुद्धा घरात नको म्हणून उकिरड्यावर टाकल्यागत टाकली! मी डबा घेतला. घरी आईला काही सांगितलं नाही; ती आधीच रडून अर्धी झाली होती. शेटाणीबाईंकडं स्वस्तात मिळालं म्हटलं आणि डबा फळीवर ठेवून दिला.

सकाळी दोरा काढायला डबा उघडला तर चोळी पुरी झालेली. दुसरी बाही जोडलेली, कडा दुमडलेल्या, टाके तसेच... डाव्या हाताचे.

मी पहिल्यांदा घरातल्यांवरच संशय घेतला. आईला तर सुईचं नेढंही दिसत नव्हतं. दादांनी जन्मात हातशिलाई केली नव्हती. मी झोपेत केली म्हणावं तर मी उजव्या हाताची. चोळी घडी करून परत डब्यात टाकली आणि गप्प बसले. कुणाला सांगणार? मीच तर सगळ्यांना हसायची!

पुढच्याच आठवड्यात भागीरथीबाई दारात. बरोबर गाडी, गाडीत छबी नाही. बाई बसली, पाणी प्याली आणि आईला म्हणाली, "विहीणबाई, माज्या गोविंदाचं पुढं बघाय पायजे. भायेरची आणली तर सवतीच्या पोरीला जाच करंल. तुमची शांता द्या. मावशीच माय हुईल की."

आईच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं — छबीसाठी ती हो म्हणणार.

"आणि न्हाय दिली तर?" मी विचारलं.

भागीरथीबाई हसली. "तर पोरीचं तोंड इसरा."

"शांते, तू आत जा," आई म्हणाली. मग विहिणीकडं वळून, "यांना इचारून कळवते."

मी आत गेले, पण कान बाहेरच. बाई उठली. आता कितीही वैर असू दे, दारी आलेल्या सवाष्णीला ओटी भरल्याशिवाय पाठवायचं नाही, ही आमची रीत. घरात खण कुठला? आई चाचपडत आत आली, फळीवर हात फिरवला, डबा उघडला आणि हाताला लागलं ते कापड घेतलं. तीच चोळी! मी समोर उभी होते. "आई, ती नको," म्हणायला तोंड उघडलं... आवाज फुटला नाही. कसंही करून फुटला नाही. आईनं तांदूळ, नारळ आणि ती चोळी भागीरथीबाईच्या ओटीत घातली. आपण न बघता दान केलेली वस्तूच आपल्या ओटीत परत आलीय, हे तिला कळलंही नाही. शिवलेली चोळी, तीही कंट्रोलात! बाईचं तोंड केवढं फुललं. "माप बराबर दिसतंय," म्हणाली.

अक्का काडीसारखी होती. भागीरथीबाई तिच्या दुप्पट. कशी बरोबर होईल ती चोळी, तुम्हीच सांगा?

काही दिवसांनी गोविंदराव स्वतः गाडी घेऊन आले. तोंड उतरलेलं. "आईच्या चोळीची गाठ सुटंना झालीय. तुमच्याकडची चोळी हाय. शांताला न्यायला आलोय."

"कापा की मग," दादा म्हणाले.

"कापू देत न्हाय. माजे वडील, आण्णा, जिते हायेत."

आमच्यात सवाष्णीच्या अंगावरच्या चोळीच्या गाठीला कात्री लावत नाहीत. नवऱ्याच्या आयुष्याला धोका म्हणतात. नवरा गेल्यावरच काय ते. म्हणून हकीम आला तरी बाईनं त्याचा हात धरून ठेवला होता म्हणे.

मी गेले. भरदुपारी माजघरात बाई बाजेवर बसलेली, शेजारच्या चारदोन बाया भोवती. चोळी अंगात रुतलेली, श्वास वरच्या वर. मी जवळ बसून गाठ पाहिली. बाईनं स्वतःच्या हातानं बांधलेली, पण फिरवलेली उलटी. अक्का मारायची तशी.

"सोड गं बाई लवकर," भागीरथीबाई म्हणाली.

मी गाठ दोन्ही हातांत धरली. "सोडते, मावशी. आधी सांगा, अक्का कशी मेली?"

"पाय घसरला गं..."

माझ्या बोटांत गाठ आवळली. माझे हात हलले नव्हते — छबीची शपथ घेऊन सांगते. बाईचे डोळे पांढरे झाले. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

"आता परत सांगा."

"शेवाळ हुतं..."

गाठ अजून आत गेली. शेजारची म्हातारी सारजाबाई ओरडली, "आगं भागीरथे, खरं हाय ते बोल! जीव जाईल!"

मग ती बोलली. तुटक तुटक, श्वास ओढत. "पाणी शेंदताना पडली... ते खरं हाय. पर जिती हुती. हाका मारत हुती... दोर टाका म्हणून. दोर माज्या हातात हुता."

"मग?"

"म्या म्हटलं, जाऊ दे. एक पोरगी झाली, पोटात दुसरी बी पोरगीच आसंल. गोविंदाची दुसरी करू..."

गोविंदराव उंबऱ्यात उभे होते. मी त्यांच्याकडं बोट केलं. "आणि हे?"

"त्यानं बी ऐकलं."

ऐकलं! आडातून येणारी बायकोची हाक ऐकली, आणि तोच माणूस मला न्यायला गाडी जुंपून आला होता. गोविंदराव मान खाली घालून परसात निघून गेले.

गाठ बोटभर सैल पडली. बाईनं श्वास घेतला, तोंडावर रंग आला. "आता सोड गं. सगळं सांगितलं की."

मी खरंच प्रयत्न केला, तुम्हाला वाटेल मी खोटं बोलतेय. नखं लावली, तेल लावलं. सुटली नाही. शेवटी उठले. "माझ्यानं व्हायचं नाही, मावशी. ही गाठ माझ्या हातची नाही."

छबी गोठ्यात होती. केसांच्या जटा झालेल्या, हाताला भाजल्याचा डाग. मी तिला कडेवर घेतली तर आण्णा काठी घेऊन आडवे आले. "पोर आमच्या घरची."

सारजाबाई मध्ये पडली. "आण्णाराव, वाट सोडा. गावाला सांगू का काय ऐकलं ते?"

त्यांनी वाट सोडली. सारजाबाईच्याच लेकाच्या गाडीनं मी छबीला घेऊन भूमला आले. वाटभर पोर माझ्या पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. फिर्यादीचं काय झालं विचारू नका. दादांनी चपला झिजवल्या, काही झालं नाही.

भागीरथीबाईकडून मला पुन्हा दोनदा बोलावणं आलं. गेले नाही.

पुढं रझाकारांच्या धामधुमीत ते घर गाव सोडून सरहद्दीपलीकडं बार्शीच्या बाजूला छावणीत गेलं. भागीरथीबाई तिथंच मेली, आण्णांच्या आधी. तिला आंघोळ घालायला गेलेली एक बाई नंतर आमच्याकडं कपडे शिवायला आली होती. तिनं सांगितलं, "आंगावर तीच एक चोळी, म्हणं वर्षानुवर्षं. विरली बी न्हाई. कुणी म्हणालं कात्री आणा, तर गाठीला हात लावताच सुटली बघा. आत्ताच बांधल्यासारखी."

मी पुढं पुष्कळ डोकं चालवलं. खणाला खळ असते, घामानं गाठ फुगली असेल म्हणून शाळेत तसल्या गाठी बांधून ओल्या केल्या, उन्हात वाळवल्या. प्रत्येक सुटली. बाईच्या मनानंच घेतलं असेल म्हणावं, तर माझ्या बोटांनी काय घेतलं होतं? आणि ती दुसरी बाही कुणी जोडली? मला माहीत नाही. आजही नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा, पण "योगायोग" असं एका शब्दात लिहिणार असाल तर शाई वाया घालवू नका.

त्या बाईनं भागीरथीबाई मेल्याचं सांगितलं तेव्हा छबी ओसरीवर खेळत होती. मी आत गेले, गूळ काढला आणि भला मोठा खडा तिच्या हातावर ठेवला.

"कशाचा गं, मावशी?" तिनं विचारलं.

"खा मुकाट्यानं," मी म्हटलं आणि एक खडा माझ्याही तोंडात टाकला.