मशीनमधून निघालेली माझी भाकरी

माझ्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. लहानपणी दाराच्या फटीत सापडली, घरच्यांनी हळद लावून चिंधी बांधली आणि ती तशीच बाहेरच्या अंगाला वळून बसली. त्यामुळे भाकरी थापताना, परातीत ती फिरवत नेताना, करंगळी काठाला टेकत जाते आणि काठावर बारीक खाचा उमटतात, कातण्यानं कापलेल्या करंजीसारख्या. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. अक्का मात्र पहिल्या दिवसापासून चिडवायची, "आली बघा नक्षीवाली! ही भाकरी खायची का दाराला टांगायची गं?"

अक्का माझ्या नात्यातली नव्हे. ती निपाणीकडची, मीही तिकडचीच, एवढंच. बेंगळुरूजवळ आनेकलला तिची खानावळ आहे. आसपासच्या कारखान्यांत आमच्या भागातली, विजापूर-बागलकोटकडची माणसं कामाला असतात. त्यांचं भातावर भागत नाही, ज्वारीची भाकरी लागते. लग्न होऊन मी नवऱ्याबरोबर बेंगळुरूला आले तेव्हा माझी शाळा आठवीतच सुटलेली, आणि येत काय होतं म्हणाल तर भाकरी. नवऱ्याचं काम लागेपर्यंत अक्कानं आम्हाला खानावळीमागच्या खोलीत ठेवून घेतलं. भाड्याचं विचारलं तर म्हणाली, "भाडं कसलं? स्वल्प हातभार लाव, झालं." तिच्याजवळ मी कन्नड शिकले, एकटीनं बसमध्ये चढायला शिकले. माझी मुलगी त्या खोलीतच रांगली.

पुढं शहरात, मारतहळ्ळीत स्वयंपाकाची कामं मिळाली आणि आम्ही तिकडं राहायला गेलो. कंपन्यांत काम करणारी पुण्या-मुंबईची मंडळी तिथं पुष्कळ. मराठी बाई, त्यात भाकरी येते म्हटल्यावर एका घरातून दुसऱ्या घरात माझं नाव गेलं. त्यातलाच एक पुण्याचा मुलगा. मी त्याला दादा म्हणायची, तो मला मावशी. माझ्या मुलीच्या शाळाप्रवेशाला तो सुट्टी टाकून माझ्याबरोबर आला. ऑफिसातली बाई माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. यानं इंग्रजीत चार वाक्यं बोलल्यावर तिनं मला बसायला खुर्ची दिली. त्या खुर्चीच्या कडेला मी अंग चोरून टेकले होते, पण ती खुर्ची विसरले नाही. त्यानंतर दादानं काही सांगावं आणि मी नाही म्हणावं, असं कधी झालं नाही.

मग त्यानं नोकरी सोडली आणि भाकरीच्या मशीनचा ध्यास घेतला. एका बाजूनं पीठ, दुसरीकडून पाणी, पुढच्या फटीतून तयार भाकरी. स्वयंपाकघरात ते पांढरं खोकं घुंघुं करत बसलेलं असायचं. त्यातून जे बाहेर पडायचं ते कधी चिखल असायचं, कधी भेगाळलेलं कच्चं पान. मी हसले की तोही हसायचा. "मावशी, तुमच्या पोटावर पाय येणार बघा," असं म्हणायचा. मी म्हणायची, "येऊ दे की. आधी त्याला पीठ तरी मळता येऊ दे."

एके दिवशी तो म्हणाला, व्हिडिओ करायचाय. तो इंटरनेटवर टाकायचा, बघणाऱ्याला आवडलं तर त्यानं आधी पैसे पाठवायचे, आणि मशीन तयार झालं की ते त्याच्या घरी पोचवायचं.

"वस्तू नसतानाच पैसे?" मी विचारलं.

"क्राउडफंडिंगमध्ये असंच असतं. लोक आयडियावर विश्वास ठेवतात."

"आणि भाकरी?"

"ती तुम्ही करा. दोन-तीन महिन्यांत मशीन करायलाच लागेल, मग खोटं कुठं झालं? सॅम्पल समजा."

मी समजले. त्याचे मित्र दिवे-बिवे लावून उभे राहिले. मी ओट्यामागं उकिडवी बसले आणि शेजारी पाटावर गरम भाकऱ्या ठेवल्या. मशीन घुंघुं करायला लागलं की मागच्या भोकातून मी भाकरी पुढं सरकवायची. फुगलेली भाकरी फटीत मावेना, म्हणून फट कापून मोठी केली. शेवटी एक टम्म फुगलेली, वाफाळलेली भाकरी बरोबर बाहेर आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाय मुंग्यांनी भरले होते, पण खरं सांगते, मला तेव्हा अभिमानच वाटला. आपली भाकरी पडद्यावर चालली! दारातून बाहेर पडताना दादा म्हणाला, "कुणाला सांगू नका हं, मावशी." एवढं ऐकून तरी मला कळायला हवं होतं. सांगू नका म्हणण्यासारखं काय असतं, हे आठवीत शाळा सुटलेल्या बाईलाही कळतं.

व्हिडिओ खूप फिरला. पैसे मागितले होते त्याहून जास्त आले, दादानं पेढे वाटले. पुढं मोटर बदलतोय, साचा बाहेरून मागवलाय, थोडा उशीर होईल, असं तो पैसे दिलेल्या लोकांना कळवत राहिला. मग कळवणं थांबलं. त्यानं दुसरीकडं नोकरी धरली, घर बदललं, माझं तिथलं काम सुटलं. मला सुटल्यासारखंच झालं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका रविवारी आनेकलला गेले. अक्काच्या उजव्या मनगटाला पट्टा होता. भाकरी थापून थापून मनगट धरलं होतं, डॉक्टरनं विश्रांती घ्यायला सांगितली होती. हाताखालची बाई दिसेना म्हणून विचारलं.

"तिला मीच सांगितलं, दुसरं काम बघ म्हणून. होसकोट्याला कंपनीत लागली. आता मशीन येतंय ना!"

ओट्याचा एक कोपरा तिनं मोकळा केला होता. भिंतीत नवा प्लग बसवून घेतला होता, बटणावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा काढला नव्हता. पुतण्याकडून तिनं फोनवर पैसे भरले होते. "भाकरीचं मशीन निघालंय गं, बेंगळुरातच. तू बघितलीस का नाही?"

मी म्हणाले, "बघितलंय."

एवढंच म्हणाले. तिच्यासमोर बसून तिच्याच हातचा चहा प्यायले आणि बस आहे म्हणून उठले. बसमध्ये करंगळी पदराखाली धरून बसले होते. कुणी बघत नव्हतं.

घरी मुलीला इंटरनेटवरचं त्या मशीनचं पान उघडायला लावलं. पार तळाशी बारीक अक्षरात इंग्रजी होतं. तिनं वाचून सांगितलं, "आई, ही खरेदी नाही म्हणे. मदत आहे. वस्तू मिळेलच याची हमी नाही." मग मला विचारलं, "तू पण भरलेस का पैसे?" मी नाही म्हटलं. भरले असते तर बरं, असं वाटून गेलं. मग मी फसलेल्यांत तरी बसले असते.

दादाला फोन लावला. तो चिडला नाही, उलट गोड बोलला. "मावशी, यात रिस्क असते. सगळं पेजवर लिहिलेलं आहे. आलेले पैसे मशीनवरच संपले, माझे स्वतःचेही गेले."

"दादा, माझ्या अक्काचे तेवढे द्या हो. तिचं मनगट गेलंय."

"एकाला दिले तर सगळे मागतील ना." मग त्यानं विचारलं, "मुलगी कशी आहे? शाळा नीट चाललीय?"

नीट चाललीय म्हणाले. आभारसुद्धा मानले. तोंडाची सवय जात नाही.

पुढच्या रविवारी अक्काला सांगायचंच, असं ठरवून गेले. ती एकटीच परातीशी होती, डाव्या हातानं थापत होती. भाकऱ्या एका अंगाला जाड होत होत्या. मी म्हणाले, "अक्का, ते मशीन येणार नाही. ते भाकरी करतच नाही. व्हिडिओतली भाकरी माझी होती."

तिनं हात थांबवला नाही. "भाकरी तुझी, ते काय मला माहीत न्हाई व्हय? काठ बघितला की. तुझी नक्षी मी वळखायची न्हाई तर कोण?"

मला काही कळेना. "मग पैसे का भरलीस?"

आता मात्र तिनं हात थांबवला. "म्हटलं, आपल्या पोरीनं हात शिकवलाय मशीनला. तू करतीस तशी करून दाखवलीस, त्यावरनं त्यांनी साचा काढला आसंल. दुसऱ्या कुणाचं आसतं तर मी एक पैसा दिले नसते बघ. तुझी भाकरी हाय म्हणून तर भरलं." मग हळूच म्हणाली, "तुला विचारणार होते. म्हटलं नको, मशीन आलं की बोलावून दाखवू. खूश होईल."

ती ओरडली असती तर मला उभं राहता आलं असतं. मी तिच्या हातातली परात ओढून घेतली आणि बसले. पैसे मी फेडीन, असं काहीतरी बोलत होते. ती म्हणाली, "ते बघू मागनं. आधी थाप. साडेबाराची पाळी सुटंल आता."

पिठात हात घातला आणि मला ती करंगळी दिसली. मी ती तळव्यात मुडपून घेतली, चारच बोटांनी थापायला लागले. भाकरीला वळण येईना. काठ फाटला. दुसरी घेतली, तीही फाटली.

अक्का तव्याकडंच बघत होती. "करंगळी भाईर काढ," ती म्हणाली. "भाकरीनं काय केलंय तुझं?"

काढली. भाकरी फिरायला लागली आणि काठावर खाचा उमटत गेल्या.

आता दर रविवारी मी जाते. बाकीचे दिवस अक्का डाव्या हातानं भागवते. नवी बाई अजून मिळालेली नाही, प्लग तसाच आहे. त्या पहिल्या रविवारी जेवायला बसलेल्यांतल्या एकानं ताटातली भाकरी उचलून काठ निरखला आणि आत हाक घातली, "काय अक्का, एकसारखी नक्षी आलीय. मशीन आलं काय शेवटी?"

"आलंय की," अक्का म्हणाली. "आत बसलंय."

बाहेर सगळे हसले. मी मान वर केली नाही. परातीत पीठ होतं, तोवर थापत राहिले.