दादाचा पाय घसरला नव्हता

माझ्या दादाचं डोकं सलाईनच्या स्टँडने फोडलं. ज्याने फोडलं, त्याला मी भर रस्त्यात चपलेने हाणलं. मला अजिबात लाज वाटत नाही.

आज दादाचा स्मृतिदिन.

सुधाकरदादा अमरावतीच्या एका हॉस्पिटलात कोरोना वॉर्डात वॉर्डबॉय होता. कॉन्ट्रॅक्टवर.

एका पेशंटचा मुलगा अडून बसला. मेलेल्या बापाच्या तोंडात तुळस घालायचीच. प्रेताची बॅग उघडायची नाही, हा नियम. दादाने हात जोडले. त्या मुलाने स्टँड उचलला.

कपाळ फुटलं. गॉगल तुटला. मास्क फाटून हनुवटीवर लोंबत राहिला.

आणि आमच्या या शहाण्याने रजिस्टरमध्ये काय लिहावं? "पाय घसरून पडलो."

मी फोनवर किंचाळले, "पोलिसात काहून नाई गेला तू?"

"त्याचा बाप मेला होता वं. जेलात टाकू काय त्याले?"

आठवड्याने ताप. मग दादाच त्या वॉर्डात. मग दादाच बॅगेत.

वहिनीने भरपाईचा अर्ज केला. साहेब चहा पीत म्हणाले, "ते तर पूर्ण किटमध्ये होते. वॉर्डात लागण कशी होईल? बाजारात झाली असेल. मारहाणीची नोंदच नाही. हे बघा, पाय घसरला. अक्षर त्यांचंच ना?"

अक्षर त्याचंच होतं.

मी टेबलावरचा पेपरवेट भिंतीवर फेकला. वहिनीने मला ओढत बाहेर काढलं.

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने त्या मुलाचं नाव-गाव सांगितलं. शेंदूरजनाघाट. तो पोरगा संत्र्याचे क्रेट गाडीत चढवत होता. नाव विचारलं, आणि चप्पल काढली.

"मी कोनाले मारलं नाई!"

तोंडावर, कानावर, डोक्यावर, जिथे लागेल तिथे. त्याच्या ओठातून रक्त आलं तरी मी थांबले नाही.

त्याची आई धावत आली. वाटलं, आता ही माझ्या झिंज्या धरते. तिने त्याचीच कॉलर धरली.

"खोटं बोलतं? तूच तं मले सांगतलं! फुटल्या डोक्यानं त्या मानसानं बॅग उघडली, अन् तुया बापाच्या तोंडात तुळस घातली!"

माझा हात वरच राहिला.

हे दादाने मला सांगितलंच नव्हतं. फाटक्या मास्कने तो त्या तोंडावर वाकला होता.

दादा त्याच तापाने गेला, अन् साहेब मारहाण मानत नाहीत, हे मी ओरडून सांगितलं. पोरगा मातीत बसला. "म्याच मारलं, ताई. सांगतो साहेबाले."

दुसऱ्या दिवशी सुजलेलं तोंड घेऊन आला. सगळं लिहून दिलं.

शेवटी कागद आला. लागण कामावर, मृत्यू कामामुळे. वहिनी फोटोपुढे तो कागद आपटून ओरडली, "पाय घसरला म्हने!" आणि मग ढसाढसा रडली.

त्या पोराला मी माफ केलेलं नाही. दादा, तुलाही नाही.

जठारपेठेतल्या आपल्या फुलांच्या दुकानात मी रोज तुळस विकते. तू गेलास त्या दिवशीही मुठीत पान घेऊनच हॉस्पिटलात आले होते. बॅग उघडायची नाही, म्हणाले.

आणि मी ऐकलं रे. मी, चपलेने हाणणारी, गुपचूप ऐकलं.

आज फोटोपाशी ठेवलंय ते पान. येते, दादा.