पाऊण, दीड, सव्वादोन

कर्जतच्या बाजारात भाजी घेत होतो, तेव्हा हनीफच्या मुलीचा फोन आला. "काका, अब्बा गेले." झोपेतच गेला. आदल्या दिवशी आम्ही कँटीनला एकत्र चहा प्यायलो होतो...

आठवड्याने साजगावच्या आमच्या कारखान्यात शोकसभा झाली. मोठे साहेब म्हणाले, "एकवीस वर्षांत हनीफने कधी लांब रजा घेतली नाही. असा माणूस होणे नाही." माना डोलल्या. माझं डोकं फिरलं. घेतली नाही म्हणे! मागितली होती, तीनदा मागितली होती. आणि तीनही वेळचं त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं.

हनीफ फिटर. आजोबा श्रीवर्धनकडचे तांडेल, शिडाचं गलबत हाकणारे. बाप नोकरीसाठी खोपोलीला आला आणि समुद्र सुटला. हनीफला तो परत हवा होता. रेवदंड्याला चुलतभावाची शिडाची होडी होती. ती घेऊन दोघांनी किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला विजयदुर्गापर्यंत जायचं, इंजिन न लावता. लोक हसायचे. "हनीफभाई, आधी पाताळगंगेत पोहून दाखवा!" तो म्हणायचा, "तू चल, तुला नांगर म्हणून टाकतो."

आमच्या घरात कॉलेज बघितलेला पहिला मी. भूगोल घेऊन बीए झालो, म्हणून टाइम ऑफिसात, हजेरी-रजेच्या कामावर, खुर्ची मिळाली. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. हनीफ मला 'बीए'च म्हणायचा. खारे वारे, मतलई वारे मी पेपरात लिहून मार्क मिळवले होते. तो म्हणाला, "पहाटे जमिनीवरनं सुटतो तो बाहेर नेतो, दुपारचा आत आणतो. एवढ्याचे मार्क दिले व्हय रं तुला?" हरिहरेश्वराच्या पुढे किनाऱ्याला चिकटायचं नाही, हेही त्यानेच शिकवलं. लाट कड्यावर आपटून उलटी फिरते आणि होडीला दोन्हीकडून मार बसतो.

खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, म्हणून आत शिरायचं ते भरतीलाच. भरतीची वेळ तो माझ्या टेबलामागच्या कॅलेंडरवरून काढायचा. तिथीची पाऊणपट करायची की झालं. पौर्णिमा उलटली की तिथी पुन्हा एकपासून मोजायची. कार्तिकी पौर्णिमेला निघायचं, म्हणजे पुढचे पाच दिवस भरती बरोबर दुपारी, आत आणणाऱ्या वाऱ्याबरोबर. पाच मुक्काम, पाच खाड्या. पेन्सिलीने एकेका चौकोनात त्याने आकडे घातले.

अर्जात कारण लिहिलं, 'समुद्रात जायचे आहे.' मी म्हटलं, "अरे, घरगुती काम लिही. साहेब चिडतील."

"खोटं का लिहू? चोरी करायला चाललोय काय?"

पहिल्या दोन वर्षी साहेबांनी ते कारण मोठ्याने वाचून दाखवलं, हसले आणि अर्ज परत केला. यंदा... यंदा अर्ज साहेबांपर्यंत गेलाच नाही. शटडाउनचं, यंत्रं थांबवून करायच्या दुरुस्तीचं, काम तोंडावर होतं, फिटर कमी होते, बोलणी मलाच बसली असती. मी तो ड्रॉवरात टाकला. हनीफ रोज खिडकीशी यायचा. "दिलास ना रं पुढं?" मी म्हणायचो, "दिलाय." पौर्णिमा आली आणि गेली. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे बीए, पुढल्या कार्तिकात." त्यानंतर दहा दिवसांनी गेला.

साहेबांवर माझा राग आहेच. माणसाच्या इच्छेवर हसून वर त्याच्या न मिळालेल्या रजेचं कौतुक करणाऱ्यांवर तो राहणारच. पण शोकसभेत माझीही मान डोलली होती, आणि तो अर्ज अजून माझ्या ड्रॉवरात आहे.

काल शिपाई जुनं कॅलेंडर उतरवायला आला. मी त्याच्या अंगावर ओरडलो. पेन्सिल अजून पुसट झालेली नाही. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार. खाली टेबलावर हजेरीपट उघडा आहे. त्याच पाच तारखा, हनीफचं नाव, आणि पाचही चौकोनांत माझ्या सुवाच्य अक्षरात... हजर.