पत्त्यातला लाटसाहेब

२००१ साली अमेरिकेला निघालो तेव्हा एअरपोर्टच्या दारात बाबांनी माझी कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "जा. पण तिकडे कुणाची हुजरेगिरी करू नकोस." आशीर्वाद कमी, तंबी जास्त. मास्तरच ते.

पाच वर्षांनी अ‍ॅशबर्नला घर घेतलं. मागे लाकडी डेक, शाळा चालत जाण्यासारखी. गल्लीला नाव इंग्रजांच्या काळातल्या एका गव्हर्नरचं. सह्या करताना मी तिकडे लक्षही दिलं नाही. पुढे मुलीला शाळेत त्याच्यावरच प्रोजेक्ट आला, तेव्हा लायब्ररीत बसून त्याची कारकीर्द वाचली. विलायतेत कुणी विचारत नव्हतं म्हणून इकडे आला. वशिल्यानं कौन्सिलात शिरला, खुशामत करत गव्हर्नर झाला. मग स्वतःच्याच सहीनं स्वतःला नदीकाठची जमीन दिली, तिच्यावर गुलाम राबवले आणि ओरड करणाऱ्यांना फासावर चढवलं. मुलीच्या पुस्तकात मात्र हा मेला 'ग्रेट लीडर'!

रविवारी फोनवर बाबांना हे सगळं चवीनं सांगितलं. वाटलं, हसतील. पण ते म्हणाले, "लाटसाहेबाच्या मोटारीला मुजरा केला नाही म्हणून माझ्या वडलांना वेताचे फटके बसले होते. असल्याचं नाव मी पाकिटावर लिहिणार नाही."

"बाबा, नुसता अ‍ॅड्रेस आहे हो तो. क्लोजिंग झालंय, घर नावावर झालंय, आता काय घर कॅन्सल करू?"

मागून मुलगी ओरडली, "आजोबा, ही इज डेड!"

"मेला ना? मग गल्लीला त्याची पाटी कशाला?"

त्यानंतर दर महिन्याला येणारं बाबांचं पत्र बंद झालं. मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, बघू म्हातारा किती ताणतो ते. फोनवर तब्येत आणि हवापाणी, बस्स.

२००८ मध्ये बाबा गेले. तेराव्याला पोहोचलो, तेव्हा दादानं त्यांच्या कपाटातला पाकिटांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. प्रत्येकावर माझं नाव, घराचा नंबर, गाव, राज्य. गल्लीची जागा कोरी. आत शेजाऱ्यांच्या कागाळ्या, दादाच्या मुलांचे मार्क. आणि दर पत्राच्या शेवटी एकच ओळ: "घर बदललंस की कळव, पत्र टाकतो."

घर बदललं नाही. शाळा चांगली आहे. रोज ऑफिसहून येताना त्या पाटीपाशी वळतो आणि गव्हर्नरला एक शिवी हासडतो. दुसरी मला स्वतःला. तिकडे राहिलेल्यांनो, इकडे आलेल्यांनो, बाबांचं पत्र येतं ते घर, एवढं साधं माझं गणित होतं. तसं घर आता मला कुठेच नाही.