केसरबाईंचा जोराचा डाव

नेकनूरच्या शिवारात मेंढरं राखणाऱ्या घरात केसरबाई धाकटी सून म्हणून आल्या, तेव्हा माहेरून भांड्यांबरोबर बुद्धिबळाची लाकडी मोहरीही घेऊन आल्या. वडिलांनी मेंढरांमागे हिंडताना त्यांना खेळ शिकवला होता. थोरली जाऊ सारजाबाई आधी हसली. मग एका दुपारी ओसरीवरच्या शहाबादी फरशीवर कोळशानं पट आखून म्हणाली, "बस. शिकव मला."

तो खेळ शाळेतल्या बुद्धिबळासारखा नव्हता. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं. मुख्य म्हणजे ज्या मोहऱ्याला त्याच्याच बाजूच्या दुसऱ्या मोहऱ्याचा जोर, म्हणजे राखण, आहे, त्याला समोरच्यानं मारायचं नाही. एकटं पडलेलंच उचलायचं. त्यामुळं दोन घोडे एकमेकांना जोर देऊन बसले, की वजिरालाही त्यांच्यापुढं मुकाट उभं राहावं लागे. चाळीसएक वर्षं दोघी जावा असा खेळ खेळल्या. दोघींचे नवरे गेले, मेंढरं पुढच्या पिढीकडं गेली, तरी दुपारचा डाव चुकला नाही.

मग सारजाबाईंचं विसरणं सुरू झालं. आधी चुलीवरचं दूध, मग नातवंडांची नावं. सून सुकन्या त्यांना अंबाजोगाईला दाखवून आली. डॉक्टर म्हणाले, हे वयाबरोबर वाढत जाणार, माणसांत ठेवा, बोलतं ठेवा.

एक दिवस सारजाबाईंनी हत्ती तिरका सरकवला.

"आक्का, हत्ती तिरका चालत न्हाई," केसरबाई पटकन बोलून गेल्या.

सारजाबाईंनी हत्तीकडं पाहिलं, मग जावेकडं. चेहरा कानकोंडा झाला. "तूच खेळ," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. नंतर पटासमोर बसेचनात. हाक मारली की पदर तोंडावर घेऊन पडून राहायच्या.

"काकू, कशाला चूक दाखवायची?" सुकन्या हळूच म्हणाली. "खेळल्या तशा खेळू द्यायचं."

केसरबाईंना ते लागलं. पण नुसतं खेळू द्यायचं म्हणजे मुद्दाम हरायचं, आणि ते आक्काला लगेच कळणार. त्यांनी बरंच डोकं चालवलं. मग सारजाबाईंच्या बाजेजवळच जमिनीवर नवा पट आखून मोहरी मांडली.

"आक्का, आज हत्ती कसा चालायचा?"

सारजाबाई उठून बसल्या. "तिरका."

"मग माझाबी तिरका."

त्या दिवशी केसरबाईंचा घाम निघाला. हत्ती उंटासारखे झाले, म्हणजे सरळ रेषेत लांबवर मारणारा वजीर तेवढा उरला. तो गेला की सरळ वाटा मोकळ्या. त्यांनी आपला वजीर जपला, राजा कडेला नेला आणि खऱ्याखुऱ्या जिंकल्या. सारजाबाई चिडल्या आणि पुन्हा मोहरी लावायला लागल्या.

तेव्हापासून रोज नवा कायदा. कधी घोडा न वळता दोन घरं सरळ उडायचा. असा घोडा पटावरच्या ठराविक घरांतच फिरत राहतो, बाकीच्या घरांना कधी पोचतच नाही, हे केसरबाईंच्या ध्यानात आलं. राजाला त्याच्या वाटेबाहेर ठेवलं की झालं. कधी उंट मधल्या प्याद्यावरून उडी मारायचा. मधेच कायदा बदलला तरी केसरबाई बदललेला कायदा पाळायच्या. रात्री अंथरुणावर पडल्या की त्यांना उद्याच्या खेळाची हुरहूर लागे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या ओसरीवर आल्या, तर सारजाबाई त्यांच्याकडं परक्या नजरेनं बघत राहिल्या.

"तुमी कोण म्हणायच्या?"

केसरबाई खांबाजवळच थांबल्या. "शेजारची हाय."

"खेळता येतं का?"

"न्हाई," केसरबाई म्हणाल्या.

"मग या. सोपं हाय."

आणि नवलच झालं. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं. सारजाबाईंनी सगळं जागच्या जागी सांगितलं. "जोर असलेल्याला हात लावायचा न्हाई. आदी जोर तोडायचा."

"तो कसा तोडायचा?"

"राजाला शह द्या. राजा हलला का त्यानं दिलेला जोर गेला. मग घ्या उचलून."

"तुमाला कुणी शिकवलं?"

"आमच्या धाकल्या जावंनं, केसरनं." सारजाबाईंचा आवाज मऊ झाला. "ती यायच्या आदी ह्या घरात मला बोलायला माणूस नव्हतं. मेंढरांकडं गेलीय. यीलच इतक्यात."

केसरबाईंनी मान खाली घातली आणि प्यादं पुढं केलं. डोळ्यांपुढचा पट धूसर झाला होता, तरी चुकीची चाल खेळायची नाही असं त्यांनी ठरवलं. शेवटी सारजाबाईंच्या प्याद्यानं शह दिला. केसरबाईंचा वजीर त्याच्या शेजारीच होता, पण त्या प्याद्याला मागून दुसऱ्या प्याद्याचा जोर. मारता येईना आणि राजाला जायला घर उरलं नाही. प्याद्यानं झालेली मात, सगळ्यात मानाची.

"उद्याबी या," सारजाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी केसरबाई भीतभीतच आल्या. सारजाबाई पट मांडून बसल्या होत्या.

"केसरे, काल कुठं गेलतीस गं? एक बाई आलती खेळायला."

"हो का? माझ्यापरीस चांगली खेळती?"

सारजाबाईंनी थोडा विचार केला. "न्हाई. पण तुझ्यावानी मधीमधी बडबडत न्हाई. बस, चाल कर."

केसरबाई बसल्या.